ओठ शिवला, नाकाचं काय?

दुभंगलेल्या ओठांवरच्या मोफत शस्त्रक्रियांची बातमी दर महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतेच. बातमीसोबत दोन फोटो असतात. पहिल्यात बाळाच्या वरच्या ओठाला फट, दुसऱ्यात शिवलेला ओठ आणि मागे हसणारी आई. फोटो खरे असतात आणि त्या आईचा आनंदही खरा असतो. फक्त दोन्ही फोटो समोरून काढलेले असतात. त्याच बाळाची हनुवटी जरा वर करून खालच्या बाजूने फोटो काढला, तर बातमीत न आलेली गोष्ट पुष्कळदा दिसते. एक नाकपुडी गोल आणि दुसरी आडवी, चपटी. नाकाचं टोक एकीकडे कललेलं. एका बाजूचा नाकाचा पाया दुसरीपेक्षा खाली आणि बाहेर सरकलेला.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, शस्त्रक्रिया करत नाही. सरकारी रुग्णालयात ही बाळं माझ्याकडे दोनदा येतात. एकदा जन्मल्यावर लगेच, तेव्हा घरचे हादरलेले असतात आणि प्रश्न एकच असतो, ‘हे जगेल ना?’ नंतर ओठ शिवून झाल्यावर लशीसाठी किंवा सर्दी-खोकल्यासाठी येतात. तेव्हा आई हळूच विचारते, ‘डॉक्टर, ओठ छान झाला, पण नाक असंच राहणार का?’ बाहेर दीडशे जणांची रांग असताना या प्रश्नाला खरं उत्तर देणं अवघड असतं. बहुतेक ठिकाणी ‘मोठं झालं की होईल नीट’ एवढ्यावर विषय संपतो. तो तसा संपू नये, कारण नाकाचा बराचसा निकाल बाळ मोठं होण्याच्या फार आधी, पहिल्या काही आठवड्यांत आणि शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांत लागत असतो. आणि नेमका हाच काळ आपल्या योजनांच्या हिशेबातून निसटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. भारतात दर वर्षी अशी ३० ते ३५ हजार बाळं जन्मतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. वरचा ओठ गर्भावस्थेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. त्या वेळी अनेक बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. जुळण्याची ही क्रिया का अडते, याला अनुवंशाचा भाग आहे, तंबाखू आहे, फॉलिक ॲसिडची कमतरता आहे, अपस्माराची काही औषधं आहेत. बऱ्याच बाळांत नेमकं कारण सापडत नाही. ग्रहण हे कारण नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात ग्रहण पाळणारी आणि ‘त्या दिवशी मी विळी हातात घेतली होती’ म्हणून स्वतःला कोसत बसणारी आई मी अजूनही पाहतो. तिला एवढंच सांगावं लागतं की, बाई, त्या ग्रहणाच्या कित्येक महिने आधीच ओठाचं काम होऊन गेलं होतं.

आता नाकाकडे. फट ओठाला असताना नाक का बिघडतं? ओठाच्या आत तोंडाभोवती गोल फिरणारा एक स्नायू असतो. शीळ घालताना, चूळ भरताना तो आपण वापरतो. ओठ दुभंगला की हा गोल पट्टा तुटतो आणि त्याची दोन टोकं मिळेल तिथे चिकटतात. एक टोक फटीच्या बाजूच्या नाकपुडीच्या पायाशी, दुसरं दोन नाकपुड्यांमधल्या खांबाच्या पायाशी. बाळ गर्भात असल्यापासून ही दोन टोकं नाकाला विरुद्ध दिशांना ओढत राहतात. म्हणून फटीच्या बाजूची नाकपुडी बाहेर आणि खाली ताणली जाते, आतली मऊ कूर्चा घुमटासारखी उभी राहण्याऐवजी आडवी पडते. मधल्या पडद्याचं पुढचं टोक निरोगी बाजूला सरकतं, तर त्याचा मागचा भाग फटीच्या बाजूच्या श्वासमार्गात फुगतो. त्यात हिरडीच्या हाडालाही फट असेल तर नाकपुडीचा पाया टेकायला खाली हाडच नसतं. तंबूचा एक खुंटा खड्ड्यात ठोकल्यासारखी ती अवस्था असते.

म्हणजे नाकाचा हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. पडदा वाकडा असला की त्या बाजूने श्वास नीट जात नाही, मूल तोंड उघडं ठेवून झोपतं. दिसण्याचा प्रश्नही मी हलका मानत नाही. ज्या भाषेत मुलीची पहिली ओळख ‘नाकीडोळी नीटस’ अशी करून देतात, तिथे ओठावरची बारीक रेघ पावडरने झाकता येते, नाक झाकता येत नाही.

शल्यविशारदांनी हे कधी ओळखलं, याचा इतिहास उद्बोधक आहे. आज जगभर वापरली जाणारी ओठ शिवण्याची पद्धत राल्फ मिलार्ड या अमेरिकी सर्जनने कोरियात काम करताना विकसित केली आणि १९५५ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत मांडली. ओठाचा एक भाग फिरवून खाली आणायचा, दुसरा सरकवून त्या जागी बसवायचा, अशी ती रचना. ओठ सुंदर होऊ लागले. नाकाला मात्र बहुतेक सर्जन हात लावत नसत. तान्ह्या बाळाच्या कूर्चेला धक्का लागला तर नाकाची वाढच खुंटेल, ही भीती होती. मग मूल वाढेपर्यंत, म्हणजे सोळा-सतरा वर्षांचं होईपर्यंत, ते नाक घेऊन शाळेत जायचं.

ही भीती दूर करायला ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे हॅरॉल्ड मॅकोम्ब यांनी मोठा हातभार लावला. ओठ शिवतानाच, त्याच छेदातून, नाकपुडीची पडलेली कूर्चा वरच्या कातडीपासून सोडवून ती टाक्यांनी उचलून धरायला त्यांनी सुरुवात केली. १९७५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पण त्यांचं खरं मोठेपण पुढे आहे. ती मुलं वाढत असताना त्यांनी त्यांची पाठ सोडली नाही. दहा वर्षांनी निष्कर्ष मांडले आणि मुलं तारुण्यात पोहोचल्यावर १९९६ मध्ये शेवटचा अहवाल दिला. या शस्त्रक्रियेने नाकाची वाढ खुंटलेली नव्हती. आज बहुतेक अनुभवी सर्जन पहिल्या शस्त्रक्रियेतच नाक थोडंफार उचलतात, त्यामागे असा अठरा-वीस वर्षांचा पाठपुरावा आहे. शिबिराच्या एका दिवसात हे ज्ञान मिळालं नसतं.

दुसरा धागा जपानचा. कियोशी मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नवजात बाळांच्या कानांवर काम केलं. मुडपलेले कान जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत योग्य आकारात बांधून ठेवले, तर शस्त्रक्रियेविना सुधारतात आणि नंतर तसेच राहतात, असं त्यांना आढळलं. कारण असं मानलं जातं की आईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन बाळात उतरलेलं असतं, त्यामुळे कूर्चेत हायल्युरॉनिक आम्लाचं प्रमाण जास्त असतं आणि ती ओल्या मातीसारखी वळते. इस्ट्रोजेन ओसरतं तशी कूर्चा घट्ट होत जाते. हेच मग नाकाला लावून पाहिलं गेलं. पुढे १९९३ पासून न्यूयॉर्क विद्यापीठातले बॅरी ग्रेसन आणि कोर्ट कटिंग यांनी त्याला व्यवस्थित पद्धतीचं रूप दिलं. बाळाच्या टाळूचं माप घेऊन ॲक्रिलिकची छोटी प्लेट बनवायची, ओठ टेपने जवळ आणायचे, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी प्लेट थोडी घासून, थोडी भरून हिरडीची फट कमी करत न्यायची. फट पाच-सहा मिलिमीटरवर आली की प्लेटला एक वाकडी तार आणि तिच्या टोकाला गुळगुळीत गोळी जोडायची. ही गोळी नाकपुडीत आतून बसते आणि पडलेला घुमट उचलून धरते. तीन-चार महिन्यांत शस्त्रक्रियेची वेळ येते तेव्हा सर्जनच्या हाती बरंच सोपं नाक येतं. डॉक्टर मंडळी याला ‘नॅम’ म्हणतात.

इथे आपल्या आज्यांची आठवण येते. तेल लावून बाळाचं नाक चिमटीत धरून वर ओढण्याची पद्धत घरोघरी आहे. मालिशवाल्या मावशी ‘नाक काढते’ म्हणून वेगळे पैसेही घेतात. नवजात बाळाचं नाक मऊ असतं, हे त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. चूक आहे ती दिवसातून दोन मिनिटं ओढून आकार बदलेल या समजुतीत. कूर्चा वळते ती दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे, एका दिशेने हलका आधार मिळाला तर. ओठ दुभंगलेल्या बाळाचं नाक तर मावशींच्या हाती मुळीच देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर त्या ओढण्याने आतले टाके सुटू शकतात. सर्जन साधारण महिन्याभराने ओठावरच्या व्रणाला मालिश करायला सांगतात, ते वेगळं. ते कुठे, किती दाबून, किती वेळा, हे त्यांनी हाताने दाखवायचं आणि आईने त्यांच्यासमोर करून दाखवायचं.

कूर्चा मऊ असण्याचा काळ पहिल्या काही आठवड्यांचा. नॅमसारखे उपचार पहिल्या महिन्यात, जमल्यास पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झाले तर उत्तम. आणि आपल्याकडे बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत ते किती दिवस? सव्वा महिना. निसर्गाने उघडलेली खिडकी आणि आपण लावून घेतलेलं दार यांचा काळ नेमका एक आहे. सव्वा महिन्याची पथ्यं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. बाळंतिणीला विश्रांती आणि तान्ह्याला बाहेरच्या संसर्गापासून संरक्षण देणारी ती सोय आहे. पण व्यंग असलेलं बाळ असेल तर या सव्वा महिन्यात लोकांच्या नजरेपासून लपवण्याचाही भाग मिसळतो. बारशाला माणसं येणार, म्हणून बारसंच टळतं. मग दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी बाळ आमच्यापर्यंत येतं. ओठाची शस्त्रक्रिया तेव्हाही होते, त्यासाठी उशीर झालेला नसतो. नाकाला वळण लावायची वेळ मात्र गेलेली असते.

त्यात माहेरपणाची भर. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद माहेरच्या तालुक्यात, रेशनकार्ड सासरच्या जिल्ह्यात. बाळाला संदर्भपत्र दिलं जातं ते एका जिल्ह्याच्या केंद्राचं आणि सव्वा महिन्यानंतर आई परतते ती दुसऱ्या जिल्ह्यात. कागद हरवतो, फोन नंबर बदलतो, बाळ यादीतून गळतं.

सरकारी व्यवस्थेत यासाठी काहीच नाही असं नाही, उलट बरंच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि मोफत उपचार हे त्याचं उद्दिष्ट, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दुभंगलेला ओठ व टाळू आहे. जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या संस्था २००० सालापासून भारतात मोफत शस्त्रक्रियांना पैसा देत आहेत. मिर्झापूरच्या एका लहानगीवरचा ‘स्माइल पिंकी’ हा माहितीपट २००९ मध्ये ऑस्कर घेऊन गेला, तेव्हा ही शस्त्रक्रिया फुकट होते हे खेड्यापाड्यांत कळलं. या कामाबद्दल मला आदरच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी वीस-बावीस वर्षांची न शिवलेल्या ओठांची मुलं ओपीडीत दिसत, आता ती क्वचित दिसतात.

पण सगळी मोजणी शस्त्रक्रियांची आहे. पैसा शस्त्रक्रियेमागे मिळतो, उद्दिष्ट शस्त्रक्रियांचं ठरतं, अहवालात आकडा शस्त्रक्रियांचा जातो. शस्त्रक्रियेच्या आधीचे आठवडे आणि नंतरचे महिने कोणाच्याच रकान्यात बसत नाहीत. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं. सहा महिन्यांतून एकदा येणाऱ्या गाडीला चार आठवड्यांची खिडकी सापडणार कशी?

उत्तर गाडीत नाही, आशाताईंच्या पिशवीत आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला पाहायला घरी जाते. म्हणजे जो सव्वा महिना बाळ घराबाहेर पडत नाही, त्याच सव्वा महिन्यात सरकारची एक प्रशिक्षित बाई सहा वेळा त्याच्या उशाशी बसते. ती बाळाचं वजन करते, तापमान पाहते, नाळ पाहते. त्यातच तिला ओठाची टेप कशी लावायची हे शिकवलं, तर? आधी गालांवर त्वचेला न सोलणारी पट्टी, तिच्यावरून ओठ हलकेच जवळ आणणारी चिकटपट्टी, दिवसरात्र, ओली झाली की बदलायची. हे काम पहिल्यांदा तज्ज्ञाने करायचं, पुढे लक्ष ठेवायला आशाताई पुरेशी आहे. नुसत्या टेपने नाक पूर्ण सुधारत नाही. पण फट कमी होते, नाकपुडीचा ताण कमी होतो, आणि मुख्य म्हणजे बाळ व्यवस्थेच्या हातात राहतं. नाकपुडीला वरून ओढून धरणारे छोटे हुकही मिळतात. हिरडीची फट मोठी नसेल तर तेवढ्याने काही बाळांचं काम भागतं.

मग नॅम प्रत्येक जिल्ह्यात हवं का? माझं मत, नाही. याबद्दल तज्ज्ञांतच एकमत नाही. नॅम केलेल्या मुलांची नाकं शस्त्रक्रियेच्या वेळी जास्त सममित असतात, हे बहुतेक मान्य करतात. पण काही वर्षांनी तो फरक कितपत टिकतो, यावर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. तैवानमधल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात नाकपुडी काही प्रमाणात पुन्हा बसते, असं दिसलं. त्यावरून तिथल्या सर्जननी ती नाकपुडी सुरुवातीला मुद्दाम जरा जास्त उचलायला घेतली. शिवाय किंमत फक्त प्लेटची नसते. ही प्लेट बनवणारे प्रशिक्षित दंतवैद्य मुख्यतः मोठ्या शहरांतल्या दंत महाविद्यालयांत आहेत. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून जास्त आहे. तिथून दर आठवड्याला तान्हं बाळ घेऊन या, असं त्या आईला सांगणं म्हणजे तिच्या घरातली मजुरी बुडवणं. प्लेटमुळे तोंडात जखमा होऊ शकतात, बुरशी होऊ शकते, आणि ती पाहायला जवळ कोणी नसेल तर नॅम न केलेलं बरं. पुणे-मुंबईत राहणाऱ्या, फट रुंद असलेल्या बाळाच्या पालकांनी मात्र पहिल्या आठवड्यातच याची चौकशी जरूर करावी. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठाची फट बहुधा दिसते. तशी दिसली असेल तर बाळ जन्मण्याआधीच सर्जन आणि दंतवैद्य यांना भेटून ठेवावं. घाबरलेल्या घराला त्या एका भेटीने जो धीर येतो तो माझ्या दहा समजुतींनी येत नाही.

दोन्ही बाजूंनी ओठ दुभंगलेल्या बाळाचं गणित वेगळं आहे. तिथे नाक वाकडं नसतं, बसकं असतं. दोन नाकपुड्यांमधला खांब इतका आखूड की नाकाचं टोक ओठालाच चिकटल्यासारखं दिसतं. हा खांब नंतर शस्त्रक्रियेने लांबवायचा म्हणजे ओठाची किंवा नाकाची कातडी वापरावी लागते, व्रण वाढतात. आधीच ताणून घेण्याचा फायदा कोणाला सर्वाधिक होत असेल तर या बाळांना, असं मला वाटतं. प्रवासाचे पैसे मोजकेच असतील तर ते आधी यांच्यावर खर्चावेत.

शस्त्रक्रिया कधी करायची, याचा जुना ठोकताळा दहाचा आहे. वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १० ग्रॅम. आपल्याकडे बाळ अडतं ते वजनावर. टाळूही दुभंगलेली असेल तर बाळाला स्तनाला धरून ओढता येत नाही, चोखून चोखून दमतं आणि वजन घटतं. आईचं दूध काढून ते चमच्याने किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्याने, बाळाला बसतं धरून पाजावं. वेळ जास्त लागतो, हवा जास्त जाते, ढेकर वारंवार काढावा लागतो. फक्त ओठच दुभंगलेला असेल तर अनेक बाळं अंगावर छान पितात, त्यांना उगाच वरच्या दुधावर टाकू नये. नाकावरच्या लेखात दूध कशाला, असं वाटेल. पण वजन न वाढल्याने शस्त्रक्रिया दोन महिने पुढे गेली की तोवर कूर्चाही दोन महिने घट्ट होते.

आता शस्त्रक्रियेनंतर. टाके निघाले, ओठ जुळला, घरी सोडलं. पालकांना वाटतं संपलं. प्रत्यक्षात व्रणाचं काम तेव्हा सुरू होतं. पहिल्या दीड ते तीन महिन्यांत व्रण लाल, कडक होतो आणि आकसतो. ओठ वर ओढल्यासारखा दिसतो, नाकपुडीचं तोंड लहान होतं. या काळात नाकाबद्दल कोणतंही मत बनवू नये, चांगलं नको आणि वाईटही नको. वर्षभरात व्रण मऊ होतो. पण आकसण्याच्या या महिन्यांत नाकपुडीला आतून आधार मिळाला तर तिचा आकार जास्त टिकतो. म्हणून सिलिकॉनची, मधे भोक असलेली छोटी नळी नाकपुडीत बसवतात. तिला नेझल स्टेंट म्हणतात. तो साधारण सहा महिने वापरायचा असतो. १९९९ मध्ये तैवानच्या सर्जननी असा आधार दिलेली आणि न दिलेली मुलं तुलना करून दाखवली, तेव्हा आधार दिलेल्यांची नाकं उजवी ठरली. या विषयावरचे सगळेच अभ्यास तितके भक्कम नाहीत. पण खर्च, धोका आणि फायदा यांचा हिशेब केला तर माझा कौल स्टेंटच्या बाजूने आहे.

अडचण अशी की सहा महिने म्हणजे बाळ हात नाकाकडे न्यायला शिकतं तोच काळ. स्टेंट ओढून काढला जातो, पाळण्यात हरवतो, शिंकेबरोबर उडतो. बाहेरून आणलेला महाग असतो आणि एक हरवला की दुसरा कोण घेणार? काही दंत महाविद्यालयांत माप घेऊन ॲक्रिलिकचा बनवून देतात, तो स्वस्त पडतो. स्टेंट घातलेल्या आईने काही गोष्टी पाळायच्या आहेत. रोज काढून कोमट पाण्याने धुवायचा, भोक शेंबडाने बंद झालेलं नाही ना ते बघायचं, कारण तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. कड टोचून नाकपुडीची कातडी पांढरी किंवा लाल पडली तर स्टेंट काढून ठेवायचा आणि लगेच दाखवायचं. पट्टी सुटली म्हणून घरातली कुठलीही चिकटपट्टी लावायची नाही. बाळ वाढतं तसा मोठ्या मापाचा स्टेंट लागतो, एकच सहा महिने चालत नाही. हे सगळं बघायला दर वेळी सर्जनकडेच जायला हवं असंही नाही. बाळ दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींना आणि पुढे नवव्या महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात येतंच. तिथल्या डॉक्टरला आणि नर्सला स्टेंट म्हणजे काय ते माहीत हवं, आणि केंद्राच्या कपाटात दोन-तीन मापांचे स्टेंट हवेत. लशीच्या बाटल्यांपेक्षा त्यांना कमी जागा लागेल, आणि शीतपेटी तर लागतच नाही.

योजनांचं मोजमाप बदलायचं तर एक सोपी सुरुवात आहे, फोटोची. प्रत्येक बाळाचा शस्त्रक्रियेआधी, वर्षानंतर आणि पाचव्या वर्षी एक फोटो समोरून आणि एक खालून. दोन नाकपुड्यांची उंची आणि रुंदी त्यावर मोजता येते, त्याला महागडं यंत्र लागत नाही. कोणत्या केंद्रातली नाकं पाच वर्षांनी कशी आहेत, हे जाहीर होऊ लागलं तर शिबिरांच्या बातम्या थोड्या कमी होतील, पण पाठपुरावा आपोआप सुरू होईल. पैसे देणाऱ्यांनीही शस्त्रक्रियेच्या रकमेतला काही भाग वर्षानंतरच्या फोटोला बांधून ठेवावा.

हे सगळं करूनही काही मुलांचं नाक पुन्हा दुरुस्त करावं लागणार आहे. पालकांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेलं बरं. ज्या बाजूला हिरडीचं हाडच नाही तिथे नाकपुडीचा पाया खचलेलाच राहतो. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान कमरेच्या हाडातला भुसा काढून ती फट भरतात, तेव्हा पक्क्या सुळ्याला जागा मिळते आणि नाकालाही थोडा आधार मिळतो. शाळेत चिडवाचिडवी फार होत असेल तर पाच-सहा वर्षांच्या सुमारास टोकाची छोटी दुरुस्ती करता येते. पडद्यासकट पूर्ण नाकाची शस्त्रक्रिया मात्र चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर, मुलींची पंधरा-सोळाव्या वर्षी, मुलांची सतरा-अठराव्या वर्षी. तीन वर्षांच्या मुलाच्या नाकावर ‘एकदाच सगळं करून टाकू’ म्हणणाऱ्या डॉक्टरपासून जपून राहावं. मुलाला श्वासाचा त्रास असेल तर तो कागदावर स्पष्ट लिहून घ्यावा, कारण ‘सौंदर्यासाठी’ हा एक शब्द लिहिला गेला की विमा आणि योजना दोन्ही हात वर करतात. अनेक खासगी विमा पॉलिसींमध्ये बाहेरून दिसणारे जन्मजात दोष मुळातच वगळलेले असतात, तेही आधी वाचून घ्यावं.

आणि एक तारखेचा घोळ. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं कवच अठराव्या वर्षी संपतं, आणि मुलांच्या नाकाची शेवटची शस्त्रक्रिया येते ती सतरा-अठरालाच. बारावीची परीक्षा, मग सीईटी, मग प्रवेश, असं करत वर्ष जातं आणि वाढदिवस उलटतो. तेव्हा मुलगा सोळा पूर्ण झाला की जिल्हा केंद्रात जाऊन नाव नोंदवावं, जुनी कार्डं आणि लहानपणीचे फोटो सोबत न्यावेत, आणि तारीख लेखी मागून घ्यावी.